माझी गुणवत्ता नेमकी कोणती? पदवी प्रवेशाच्या गुणवत्ता यादीविषयी

धरमपेठकर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतील एक मुलगी दोन कागद घेऊन माझ्याकडे आली. एक होता नागपूर विभागीय मंडळाचा बारावीचा निकाल, ६०० पैकी ४६९ गुण, म्हणजे ७८.१७ टक्के. दुसरा राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, ज्यावर ९६ च्या वर पर्सेंटाइल आणि दशांश चिन्हापुढे सात आकडे छापलेले होते. तिने विचारले, "काका, यातली माझी गुणवत्ता कोणती?" महाविद्यालयात गणित शिकवण्यात आणि दर जून-जुलैला प्रवेश समितीच्या टेबलामागे बसण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, तरी मला तिला पटकन उत्तर देता आले नाही. म्हणून हा धागा.

एकाच मुलीला नागपुरात किंवा नागपूरच्या आसपास राहून पदवीसाठी किती दारे आहेत ते आधी पाहू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात तिला बी.एस्सी. करायचे असेल, तर बारावीचे गुण पाहून यादी लागते. अभियांत्रिकीला जायचे असेल, तर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी यादी ठरवते आणि बारावीचे गुण केवळ उंबरठ्यापुरते उरतात. भौतिक, रसायन आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के मिळाले की पुढे बारावीचा निकाल कपाटात ठेवला तरी चालतो. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेसाठी (व्हीएनआयटी) जेईई मेन या देशपातळीवरील अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेची क्रमवारी लागते आणि तिथला उंबरठा खुल्या व इतर मागास प्रवर्गांसाठी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे असा आहे. म्हणजे आमच्या मुलीने हा उंबरठा १९ गुणांनी ओलांडला. वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ केंद्रीय असल्याने तिथला रस्ता २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटीतून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जातो. मुलगी एक, वर्ष एक, अभ्यास बहुतांशी एकच, आणि तिचे स्थान मात्र चार याद्यांत चार ठिकाणी.

यातील एक गोष्ट मला विशेष बोचते. बारावीच्या ६०० गुणांत मराठी आणि इंग्रजी मिळून २०० गुण, म्हणजे एक तृतीयांश वाटा असतो. सीईटीत भाषेला शून्य. बारावीत गणित सहा विषयांपैकी एक आहे. सीईटीच्या २०० गुणांत एकट्या गणिताचे १०० आहेत, आणि भौतिक व रसायन दोघे मिळून उरलेल्या १०० मध्ये बसतात. कोणीतरी, कोठेतरी, एका बैठकीत हे ठरवले आहे. यादी संगणक लावतो हे खरे, पण गणिताला दुप्पट वजन द्यावे हे संगणकाने ठरवलेले नाही. आपण मात्र यादीकडे बोट दाखवून "यात माणसाचा हात नाही" असे निर्धास्तपणे म्हणतो. माझे म्हणणे एवढेच की माणसाचा हात आहेच; तो यादी लागण्यापूर्वी फिरून गेलेला असतो, म्हणून दिसत नाही. इतरांचा अनुभव काय आहे?

खामल्याची आई

सर, आपण मांडलेले सगळे मान्य केले तरी माझा कल सीईटीकडेच राहील. माझा मोठा मुलगा तीन वर्षांपूर्वी या चक्रातून गेला. त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रात्यक्षिकाच्या ३० पैकी कोणाला २९ आणि कोणाला २२ मिळाले, आणि या सात गुणांमागे मुलाचे काम किती व शिक्षकांशी असलेली ओळख किती, हे आम्हा पालकांना पक्के ठाऊक होते. सीईटीत निदान मुलाचे नाव कोणाला दिसत नाही. सूत्र ठरवणारा माणूस असेल, पण तो माझ्या मुलाला ओळखत नाही, आणि मला तेवढेच पुरेसे आहे.

सांख्यिकी मास्तर

धागाकर्त्यांनी वजनाचा मुद्दा मांडला, मी पर्सेंटाइलचा मांडतो, कारण या शब्दाविषयी जेवढा गैरसमज आहे तेवढा बहुधा दुसऱ्या कोणत्याही शब्दाविषयी नसेल.

सीईटी एका दिवसात होत नाही. अनेक दिवस, सकाळ-दुपारची सत्रे आणि प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका असते. सगळ्या प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या अवघड काढणे कोणालाही शक्य नाही, म्हणून मुलाचे कच्चे गुण थेट यादीत येत नाहीत. त्याच्या सत्रात त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण मिळवणारे किती होते ते मोजतात, त्या संख्येला सत्रातील एकूण उमेदवारांनी भागतात आणि शंभराने गुणतात. समजा एका सत्रात २०,००० मुले बसली आणि आपल्या मुलीचे पर्सेंटाइल ९६ आहे, तर १९,२०० जण तिच्याबरोबर किंवा तिच्या मागे आहेत आणि ८०० जण पुढे. तिला शंभरपैकी ९६ गुण पडले असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रत्येक सत्रातील पहिल्याला १०० पर्सेंटाइल मिळते, आणि म्हणूनच निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात शंभर पर्सेंटाइलवाल्यांची रांग दिसते.

या पद्धतीच्या पोटात एक गृहीतक आहे. प्रत्येक सत्रातील मुलांचा समूह सरासरीने सारख्याच तयारीचा असतो, असे ते गृहीतक. सत्रे विनाक्रम वाटली आणि संख्या मोठी असली, तर ते बऱ्यापैकी खरे ठरते, आणि मी त्याला लबाडी म्हणणार नाही. पण ते गृहीतक आहे, निसर्गनियम नव्हे. सातव्या दशांश स्थळापर्यंत आकडा छापल्याने गृहीतकाची अचूकता वाढत नाही. सोनाराच्या काट्यावर कांदे मोजले म्हणून कांद्याला सोन्याचा भाव येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी दरवर्षी दहा पालकांना तरी समजावून सांगावी लागते. एकूण पर्सेंटाइल हे विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. ते एकूण कच्च्या गुणांवरून स्वतंत्र काढतात. त्यामुळे तिन्ही विषयांत ९४-९५ असलेल्या मुलीचे एकूण पर्सेंटाइल ९६ च्या वर असू शकते, आणि त्यात चूक काही नसते.

धरमपेठकर

मास्तरांचे आभार. कांद्याचा दाखला मी वर्गात वापरला असता.

खामल्याच्या ताईंचे म्हणणे मी हलके मानत नाही. प्रात्यक्षिकाच्या गुणांविषयी मीही तेच पाहिले आहे, आणि टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. पण "सूत्र ठरवणारा माझ्या मुलाला ओळखत नाही" हे पुरेसे आहे का, याविषयी मला शंका आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचा २०२० सालचा निकाल आठवून पाहा. दोन उमेदवारांना ७२० पैकी ७२० गुण होते. दोघांची सगळी उत्तरे बरोबर, म्हणजे विषयवार गुणांनीही फरक करता येईना. तेव्हाच्या नियमांत शेवटची पायरी वयाची होती, त्यामुळे जो वयाने मोठा त्याला देशात पहिला क्रमांक आणि जी लहान तिला दुसरा. कोणीही कोणाला ओळखत नव्हते, कोणीही पक्षपात केला नाही, आणि तरीही पहिला क्रमांक जन्मतारखेने दिला गेला. मोठ्याला प्राधान्य का? एक वर्ष जास्त वाट पाहिली म्हणून? मग लहान वयात तेवढेच गुण मिळवले म्हणून धाकट्याला का नको? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो, याचाच अर्थ तो निवाडा आहे, मोजमाप नव्हे. पुढे तो नियम बदललाही.

पहिल्या दोघांना याने फारसा फरक पडला नसेल. पण नीटमध्ये एकेका गुणावर शेकड्यांनी मुले उभी असतात, आणि आपल्या नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या शेवटच्या जागेवर हाच निवाडा कोणाला तरी आत घेतो आणि कोणाला तरी बाहेर ठेवतो. तिथे आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनाचे. अभियांत्रिकीत पर्सेंटाइल समान आले, तर आधी गणित, मग भौतिक, मग रसायन पाहतात. कोणत्या विषयाला आधी विचारायचे हे ज्याने ठरवले, त्याने कोणाला आत घ्यायचे हेही थोडेसे ठरवलेच.

अहेरीकर

मी गडचिरोली जिल्ह्यातला, आता नोकरीनिमित्त नागपुरात. मला या चर्चेत एक गोष्ट घालायची आहे, कारण "सर्वांना एकच परीक्षा" हे वाक्य आमच्याकडे वेगळे ऐकू येते.

मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकलो, तिथे अकरावीचे जवळपास पूर्ण वर्ष भौतिकशास्त्राला शिक्षक नव्हते. रसायनाचे सर फावल्या वेळात सूत्रे लिहून द्यायचे आणि आम्ही ती पाठ करायचो. सीईटीत अकरावीचे २० टक्के आणि बारावीचे ८० टक्के प्रश्न असतात, हे मला परीक्षेला दोन महिने उरले असताना बर्डीवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात कळले. त्याच परीक्षेला बसलेली नागपूरची मुले दोन वर्षे शिकवणी वर्गात बसून आली होती आणि त्यांच्यातील कित्येकांचे कनिष्ठ महाविद्यालय फक्त हजेरीपुरते होते. दोघांना प्रश्नपत्रिका एकच मिळाली हे खरे आहे. पण तिने जे मोजले त्यात मी किती आणि रिकामी खुर्ची किती, हे वेगळे काढण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

प्रदेशाचा विचार प्रवेशात करावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात व्यावसायिक आणि वैज्ञानिक शिक्षणाच्या संस्थांत त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी पुरेशी तरतूद करण्याचे कलम होते, आणि राज्यघटनेच्या ३७१ (२) या अनुच्छेदातही विदर्भ व मराठवाड्याच्या संदर्भात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे. वैद्यकीय प्रवेशात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग करून ७० टक्के जागा त्या विभागातील मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी पद्धत अनेक वर्षे होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. मराठवाड्याची तक्रार अशी होती की त्यांच्याकडे महाविद्यालये कमी, म्हणून ७० टक्क्यांतही त्यांच्या वाट्याला जागा कमी येतात आणि तेवढेच गुण असलेला मुलगा दुसऱ्या विभागात असता तर डॉक्टर झाला असता. त्या तक्रारीत तथ्य होते, हे विदर्भाचा असूनही मी कबूल करतो. पण जागा मोकळ्या झाल्या म्हणून अहेरीच्या मुलाला काय मिळाले, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. त्याच्या दृष्टीने ७०:३० असतानाही स्पर्धा नागपूरशी होती आणि आता लातूर व पुण्याशीही आहे.

डेव्हिसहून

मी मूळचा प्रतापनगरचा, गेली बावीस वर्षे कॅलिफोर्नियात. मुलाचे पदवी प्रवेशाचे वर्ष नुकतेच संपले. इथली सार्वजनिक विद्यापीठे अहेरीकर म्हणतात ती रिकामी खुर्ची मोजण्याचा प्रयत्न करतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी शिक्षण देणारी नऊ संकुले आहेत आणि अर्ज सर्वांसाठी एकच असतो. सॅट ही परीक्षा प्रवेशासाठी पाहणे त्यांनी बंद केले आहे. २०२० च्या मे महिन्यात नियामक मंडळाने तसा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी न्यायालयीन तडजोडीनंतर ती पूर्णच बाहेर गेली. नेमून दिलेल्या शालेय विषयांत राज्यातील विद्यार्थ्याची श्रेणी-सरासरी (४.० च्या पट्टीवर) किमान ३.० आणि बाहेरच्याची ३.४ असावी लागते. हा केवळ उंबरठा आहे. त्यापुढे तेरा निकष छापलेले आहेत, आणि त्यांत गुणांबरोबर विद्यार्थ्याच्या शाळेत कोणते विषय उपलब्ध होते, त्या उपलब्धतेत त्याने काय केले, घरची परिस्थिती कशी होती, शाळा कोठे आहे, हेही येते. आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत उत्तर लिहायचे असते. वाचणारी माणसे प्रशिक्षित असतात आणि ती संपूर्ण अर्ज वाचतात. अहेरीकरांनी इथे अर्ज केला असता, तर भौतिकशास्त्राला शिक्षक नव्हते ही गोष्ट वाचणाऱ्याच्या टेबलावर गेली असती. कोणत्या निकषाला किती वजन, हे मात्र कोठेही छापलेले नाही.

टेक्सासने वेगळी वाट धरली. एका न्यायालयीन निकालामुळे वंशाचा विचार करणे बंद झाल्यावर १९९७ मध्ये त्या राज्याने कायदा केला की राज्यातील प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळेल. शाळा शहरातली असो की सीमेवरच्या खेड्यातली. ऑस्टिनच्या विद्यापीठात एवढी मुले येऊ लागली की २००९ मध्ये मर्यादा घालावी लागली, आणि तिथे अलीकडे दहाऐवजी सहा टक्के व आता पाच टक्क्यांपर्यंतच आपोआप प्रवेश मिळतो. त्यातही विद्यापीठात प्रवेश नक्की असतो, हवी ती शाखा नव्हे. अभियांत्रिकी हवी असेल, तर अर्ज पुन्हा वाचला जातो. काही कुटुंबांनी मुलांना मुद्दाम सोप्या स्पर्धेच्या शाळेत घातले, असेही तिथे दिसून आले. नियम कोणताही असो, पालक सगळीकडे पालकच.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला सर्वांत जवळचे उदाहरण मिशिगनचे आहे. तिथल्या विद्यापीठाने पदवी प्रवेशासाठी १५० गुणांची मोजपट्टी केली होती आणि अल्पप्रतिनिधित्व असलेल्या वंशगटांतील अर्जदाराला त्यात थेट २० गुण मिळत. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मोजपट्टी अवैध ठरवली. त्याच दिवशी, त्याच विद्यापीठाच्या विधि शाखेची पद्धत मात्र वैध ठरली, कारण तिथे वंशाचा विचार होत असला तरी तो संपूर्ण अर्ज वाचताना होत होता आणि त्याला ठरावीक आकडा दिलेला नव्हता. म्हणजे ज्यांनी आकडा छापून दाखवला ते हरले आणि ज्यांनी तोच विचार वाचनात विरघळवला ते जिंकले. ती मुभाही २०२३ च्या जूनमध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात संपली. कॅलिफोर्नियात तर १९९६ च्या सार्वमतापासूनच सार्वजनिक विद्यापीठांना वंश पाहता येत नाही.

खामल्याची आई

डेव्हिसच्या दादांनी लिहिलेले दोनदा वाचले. मला त्यात सुरक्षित वाटण्याऐवजी भीती वाटली. ३५० शब्दांची चार उत्तरे लिहून देणारे वर्ग लॉ कॉलेज चौकात महिनाभरात उघडतील आणि अहेरीच्या मुलाची गोष्ट नागपूरची मुले त्याच्यापेक्षा सुबक भाषेत लिहितील. आणि निकषांचे वजनच छापलेले नसेल, तर माझ्या मुलीला प्रवेश का मिळाला नाही हे मी कोणाला विचारणार? आज मला निदान शेवटच्या प्रवेश मिळालेल्या मुलाचे पर्सेंटाइल दिसते.

अहेरीकर भाऊंच्या लिहिण्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मुलाला दोन वर्षे शिकवणी लावण्याइतके पैसे आमच्याकडे होते, हे मी कधी त्याच्या गुणवत्तेतून वजा करून पाहिले नव्हते.

डेव्हिसहून

ताई, निबंध लिहून देणारे सल्लागार इथेही आहेत आणि भरपूर शुल्क घेतात. आपली भीती अनाठायी नाही. ऑस्टिनच्या विद्यापीठाने तर २०२४ मध्ये प्रवेश परीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे करण्याचा निर्णय जाहीर केला. एकाच देशातील दोन मोठी सार्वजनिक विद्यापीठे एकाच परीक्षेविषयी विरुद्ध निर्णय घेतात, आणि दोघांचेही म्हणणे असे की यामुळे गरीब विद्यार्थ्यांचे भले होईल.

प्रवेश विभाग

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाचे काम अनेक वर्षे केले. मोठ्या तत्त्वांविषयी मला फारसे बोलता येणार नाही, पण सूत्र बदलले की खिडकीपाशी काय होते ते मी पाहिले आहे.

२०२१ मध्ये बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के असा निकाल लागला आणि राज्यात ९९.६३ टक्के मुले उत्तीर्ण झाली. अकरावीत कोणी मन लावून अभ्यास करत नाही, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी ज्यांनी केला होता ते अचानक हुशार ठरले आणि बारावीसाठी राखून ठेवलेली ताकद ज्यांची होती ते मागे पडले. आमच्या खिडकीवर एक वडील हातात अकरावीचा निकाल घेऊन उभे होते आणि म्हणत होते, "साहेब, हे वर्ष मोजणार असे आधी सांगितले असते तर!" त्यांना काय सांगणार? महामारी होती, दुसरा इलाजही नव्हता. पण खेळ संपल्यावर नियम कळला, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती.

दुसरा अनुभव २०२४ चा. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम तोपर्यंत बारावीच्या गुणांवर भरत असत. ते तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांच्यासाठी सीईटी लावली. कित्येक मुलांना ही परीक्षा आहे हेच माहीत नव्हते. बारावीला चांगले गुण मिळालेल्या मुली खिडकीवर येत आणि आम्हाला सांगावे लागे की सीईटी दिलेली नसेल तर प्रवेश नाही. शेवटी जागा रिकाम्या राहू लागल्यावर त्याच वर्षी आणखी एक सीईटी घ्यावी लागली. त्या मुलींची गुणवत्ता दोन महिन्यांत कमी-जास्त झाली नव्हती.

आरक्षणाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून दोन ओळी. खिडकीवर सर्वांत जास्त ऐकू येणारा गैरसमज असा की मागास प्रवर्गातील मुलाने राखीव जागाच घ्यावी. तसे नाही. गुणांच्या बळावर खुल्या जागेवर येणारा विद्यार्थी कोणत्याही प्रवर्गाचा असो, तो खुल्या जागेवरच धरला जातो. आणि सर्वांत जास्त प्रवेश हुकतात ते गुणांमुळे नव्हे, तर जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्यामुळे. मूल्यमापन म्हणताना आपण परीक्षा डोळ्यांसमोर आणतो, पण अहेरीच्या मुलासाठी पडताळणी समितीच्या कार्यालयात मारलेल्या फेऱ्या हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

अहेरीकर

शेवटचे वाक्य मी स्वतः जगलो आहे. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीचे नाव एका अक्षराने वेगळे लिहिले होते. त्या एका अक्षरासाठी वडिलांची शेतीची किती मजुरी बुडाली याचा हिशेब आमच्या घरी कोणी ठेवला नाही.

टेक्सासच्या कायद्याविषयी वाचून प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयातील पहिल्या काही मुलांना गोंडवाना किंवा नागपूर विद्यापीठात थेट जागा, असा विचार मनात आला. पण लगेच दुसराही विचार आला. तसे झाले, तर शिकवणी वर्ग आपली मुले कागदोपत्री भामरागडला दाखल करतील.

सांख्यिकी मास्तर

करतील, यात शंका नाही. हजेरीपुरते कनिष्ठ महाविद्यालय ही सोय आपल्याकडे तयारच आहे.

याच संदर्भात एक जुने सूत्र आठवले. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी त्यांचे पर्सेंटाइलमध्ये रूपांतर करत. हेतू चांगला होता, मुलांनी शाळेत यावे हा. पण मंडळांचे निकाल वेळेवर मिळवणे, त्यांचे रूपांतर करणे आणि त्यावरचे वाद यांतून ती पद्धत २०१७ पासून सोडून दिली आणि बारावीचे गुण पुन्हा उंबरठ्यावर आणून ठेवले. २०१६ आणि २०१७ मध्ये आपल्या व्हीएनआयटीच्या वर्गात बसलेली मुले वेगवेगळ्या अर्थाने गुणवान होती. माझा पुतण्या २०१६ चा. बारावीच्या ४० टक्क्यांमुळे आत गेला, असे तो स्वतःच सांगतो, आणि आज चांगला अभियंता आहे.

खामल्याची आई

आता एक व्यवहारातली शंका विचारते, कारण धाकटीचा पसंतीक्रम परवापर्यंत भरायचा आहे. शिकवणी वर्गातील सरांनी सांगितले आहे की जिथे मिळण्याची शक्यता आहे तेच महाविद्यालय वर लिहा, नाहीतर पहिली पसंती वाया जाते. हे खरे आहे का?

प्रवेश विभाग

ताई, हे खरे नाही, आणि या एका समजुतीमुळे दरवर्षी मुलांचे नुकसान होते. संगणक आधी गुणवत्ता क्रमाने मुलगी उचलतो आणि मग तिची यादी वरून खाली वाचत जातो; जी पहिली जागा तिच्या क्रमांकाला उपलब्ध असेल ती तिला मिळते. वरची पाच महाविद्यालये तिच्या आवाक्याबाहेरची असली, तरी सहाव्या ठिकाणचा तिचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. पहिली पसंती वाया जाणे असा प्रकार या पद्धतीत नाही. म्हणून क्रम आवडीचा लावावा, शक्यतेचा नव्हे.

फक्त एक काळजी घ्यावी. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले तर ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. त्यामुळे खरोखर जायचे नसेल असे नाव केवळ गंमत म्हणून वर टाकू नये. गेल्या वर्षीचा कटऑफ अंदाजापुरता पाहावा. परीक्षार्थींची संख्या, जागा आणि पसंती बदलल्या की तो सरकतो.

धरमपेठकर

हा खुलासा मी त्या मुलीलाही दाखवला. तिने शक्यतेचा क्रम लावून ठेवला होता, तो तिने माझ्यासमोर खोडला आणि नवा लिहिला. बी.एस्सी. (सांख्यिकी) साठी एका महाविद्यालयाच्या यादीतही तिचे नाव लागले आहे. तिथे तिच्या मराठीच्या ९१ गुणांनी तिला वर ढकलले आहे, जे सीईटीत कोणी विचारलेही नव्हते. तिला गणित आवडते आणि मराठीही चांगले येते, आणि या दोन गोष्टी एकत्र मोजणारी यादी या शहरात तिला एवढी एकच सापडली.

सीईटी कक्षाने आणि विद्यापीठांनी वजने व समान गुणांचे नियम का ठरवले याची कारणे नियमांसोबत छापावीत, आणि ती मुले अकरावीत असतानाच छापावीत, असे निवेदन मी तयार करत आहे. मसुदा पुढच्या आठवड्यात इथेच टाकेन. अहेरीकर आणि प्रवेश विभाग यांनी त्यात भर घालावी, ही विनंती.

तूर्त तिचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र येत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे की नाही ते पाहायचे राहिले आहे. ती म्हणते आहे, बाबांच्या कपाटात आहे. बाबा चंद्रपूरला, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.